सुटी आणि मजुरी

औरंगाबाद हें दरवाजांचें शहर. भडकल दरवाजा, मकाई दरवाजा, दिल्ली दरवाजा, पैठण दरवाजा हीं नांवें घेतलीं, तरी तें कोणकोणत्या दिशांस तोंड करून वसलें होतें हें ध्यानांत येतें. इ. स. १६१० मध्यें खडकी ह्या खेड्याच्या जागीं ज्यानें ह्या शहराचा पाया घातला, तो मलिक अंबर जन्मानें हबशी होता. बालपणीं गुलाम म्हणून विकला जाऊन बगदादच्या वाटेनें तो दक्षिणेंत आला आणि निजामशाहीचा आधारस्तंभ बनला. पुढें अर्ध्या शतकानंतर थेव्हनो नांवाचा फ्रेंच प्रवासी ह्याच शहरीं येऊन वेरूळचीं लेणीं पाहून गेला. दूरदेशाहून येथें येणारांची परंपरा अशी जुनी आहे. येथून दूरदेशीं जाणारांची परंपरा मात्र त्या मानानें कोवळी असून, तिच्यांत अगदीं अलीकडे एका नव्या प्रकाराची भर पडली आहे.

आजवर मराठी घरांतील माणूस परदेशीं जाई तो बहुधा तीन कारणांनीं: विद्येसाठीं, नोकरीसाठीं, किंवा मग लेकीच्या बाळंतपणासाठीं. हीं तिन्ही कारणें घरांतील वडील माणसांस समजतात. परंतु पंचवीस वर्षांचा मुलगा एके दिवशीं सकाळीं येऊन म्हणतो, "बाबा, मला वर्षभर ऑस्ट्रेलियांत सुटीवर जावयाचें आहे, आणि खर्च भागविण्यासाठीं तेथें मी काम करीन," तेव्हां बाबांच्या हातांतील वर्तमानपत्र खालीं येतें. सुटी म्हणजे काम नसणें, आणि काम म्हणजे सुटी नसणें, हा त्यांचा जन्मभराचा अनुभव. सुटींत आजोळीं जावें, फार तर अष्टविनायक करून यावे. हिंडावयाचेंच असेल तर मजुरी कशाला, आणि मजुरीच करावयाची होती तर इंजिनिअर कशासाठीं झालास, हा त्यांचा प्रश्न रास्त आहे. त्याचें उत्तर मात्र दोन वाक्यांत देण्यासारखें नाहीं.

हा प्रकार मूळचा आपल्याकडील नव्हे. ऑस्ट्रेलियानें १९७५ सालीं ब्रिटन, आयर्लंड आणि कॅनडा ह्या देशांतील तरुणांसाठीं तो सुरू केला. शिक्षण संपलें आहे, संसार लागलेला नाहीं, अशा मधल्या दिवसांत तरुणानें देशाटन करावें. खिशांतील पैसा संपला कीं एखाद्या उपाहारगृहांत बशा धुवाव्या, मळ्यांत फळें तोडावीं, आणि चार पैसे गांठीं बांधून पुढच्या गांवीं जावें, अशी ही कल्पना. देशाटनानें चातुर्य येतें हें आपल्याकडेही लहानपणापासून शिकविलें जातें. परंतु त्या शिकवणींत बशा धुण्याचा उल्लेख नसतो! यजमान देशाचाही ह्यांत लाभ होता. फळांचा हंगाम कोणासाठीं थांबत नाहीं, आणि शहरें सोडून दूरच्या मळ्यांवर जाण्यास तेथील लोक सहसा राजी नसतात. पाहुणचार आणि गरज अशीं दोन्ही सूतें ह्या परवान्यांत पहिल्यापासून विणलेलीं आहेत, आणि तीं वेगळीं काढून पाहिल्याखेरीज त्याचा पोत कळत नाहीं.

भारतीय तरुणांस हें दार उघडण्यास जवळजवळ पन्नास वर्षें लागलीं. त्याच्याही आधीं, १९०१ सालीं, ऑस्ट्रेलियानें जो आगमननिर्बंध कायदा केला, त्यांत कातडीचा रंग असा शब्द कोठें नव्हता. बंदरावरील अंमलदारानें उतारूस कोणत्याही एका युरोपीय भाषेंतील पन्नास शब्दांचा उतारा लिहावयास सांगावा, एवढीच तरतूद होती. भाषा कोणती हें अंमलदारानें ठरवावयाचें. त्यामुळें उत्तम इंग्रजी जाणणाऱ्या माणसासही त्यास न येणाऱ्या एखाद्या भाषेंत नापास करणें सोपें होतें. ही परीक्षा १९५८ सालीं रद्द झाली, आणि गोऱ्यांपुरता ऑस्ट्रेलिया राखण्याचें धोरण शेवटीं १९७३ मध्यें पुरतें सोडण्यांत आलें. त्यानंतर दोनच वर्षांनीं सुटीचे परवाने निघाले, आणि ते प्रथम कोणत्या देशांस मिळाले हें वर आलेंच आहे.

२ एप्रिल २०२२ रोजीं भारत आणि ऑस्ट्रेलिया ह्यांच्यांत व्यापारविषयक सहकार्याचा करार झाला व त्याच वर्षाच्या २९ डिसेंबरला तो अमलांत आला. डाळी, लोंकर, द्राक्षासव, औषधें अशा जिनसांच्या जकातीबरोबर त्यांत माणसांच्या येण्याजाण्याचेंही एक कलम होतें. त्या कलमानें भारतीय तरुणांस दरसाल एक हजार परवाने देण्याचें ठरलें. वयाची मर्यादा १८ ते ३० वर्षें. बारावीनंतर निदान दोन वर्षांचें शिक्षण. इंग्रजीचें कामापुरतें ज्ञान. आणि सोबत मुलेंबाळें न्यावयाचीं नाहींत. मुदत बारा महिन्यांची. अर्जदार पुष्कळ आणि जागा थोड्या, म्हणून सोडत. पंचवीस डॉलर भरून, पासपोर्ट आणि आयकर खात्याचें पॅन कार्ड ह्यांच्या आधारें नांव नोंदवावयाचें, आणि मग यंत्र जीं नांवें काढील त्यांनींच परवान्यासाठीं रीतसर अर्ज करावयाचा.

पहिली नोंदणी १ ऑक्टोबर ते ३१ ऑक्टोबर २०२४ ह्या महिन्यांत झाली. पहिल्या पंधरवड्यांतच सुमारे चाळीस हजार नांवें आलीं, असें ऑस्ट्रेलियाच्या एका उपमंत्र्यांनीं जाहीर केलें. हजार जागांसाठीं चाळीस हजार, आणि महिना अजून अर्धा शिल्लक!

त्या वर्षीं १२ ऑक्टोबरला दसरा होता. मराठवाड्यांत दसऱ्याचे दिवस आणखी एका प्रस्थानाचे असतात. बीड, जालना आणि खुद्द छत्रपती संभाजीनगर (औरंगाबादचें हल्लींचें नांव) ह्या जिल्ह्यांतील लाखों माणसें दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊस तोडण्यासाठीं पश्चिम महाराष्ट्रांत आणि कर्नाटकांत जातात. मुकादमाकडून आगाऊ उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता मानला जातो. आणि घेतलेली उचल फिटेपर्यंत त्या कोयत्याची सुटका नसते. धान्याचें गांठोडें, कोंबड्या, शेळी, लहान मूल असा संसार ट्रॅक्टरवर चढतो तो पांचसहा महिन्यांनीं परत उतरतो. घरीं राहिलेलीं म्हातारीं माणसें आणि शाळेंत जाणारीं मुलें ह्यांच्यावर गांव सोंपविलेलें असतें. ह्या प्रस्थानास कोणी परदेशगमन म्हणत नाहीं. परंतु भाषा बदलते, घर सुटतें आणि अपरिचिताच्या शेतांत राबावें लागतें, ह्या तिन्ही गोष्टी त्यांत आहेत.

ही तुलना उगाच ओढून आणलेली नाहीं. ऑस्ट्रेलियाच्या परवान्यांत एक विशेष कलम आहे. पहिलें वर्ष संपल्यावर ज्यास दुसरें वर्ष राहावयाचें असेल, त्यानें पहिल्या वर्षांत निदान तीन महिने देशाच्या नेमून दिलेल्या दूरच्या भागांत, नेमून दिलेल्या धंद्यांत काम केलेलें असावें लागतें. तिसऱ्या वर्षासाठीं आणखी सहा महिने. शेती, फळबागा, गुरेंढोरें, मासेमारी, जंगल, बांधकाम, उत्तरेकडील भागांत उपाहारगृहें व प्रवासी-निवास, असे ते धंदे. म्हणजे मरे नदीच्या कांठीं मिल्ड्युराकडे संत्रीं आणि द्राक्षें, किंवा क्वीन्सलंडांत भाजीपाला आणि ऊस. ब्रिटनच्या नागरिकांस १ जुलै २०२४ पासून ही अट माफ झाली आहे. भारतीयांस ती आहे.

क्वीन्सलंडच्या उसाचाही एक इतिहास आहे. १८६३ पासून १९०४ पर्यंत तेथील मळ्यांसाठीं प्रशांत महासागरांतील बेटांवरून सुमारे ६२,००० माणसें आणण्यांत आलीं; कांहीं कराराच्या कागदावर अंगठा उठवून, कांहीं फसवून, कांहीं सरळ पळवून. पुढें गोऱ्यांच्या राज्याचा कायदा झाल्यावर त्यांपैकीं बहुतेकांस परत हांकलण्यांत आलें. आतां तेथें ऊस यंत्रानें तोडला जातो. परंतु टोमॅटो, स्ट्रॉबेरी, संत्रीं हीं अजून हातांनींच खुडावीं लागतात, आणि त्या हातांचा पुष्कळसा पुरवठा सुटीच्या परवान्यांवर येणाऱ्या तरुणांकडून होतो.

येथें मध्यमवर्गीय घराच्या मनांतील एक गांठ उघडी पडते. पैठणकडे काकांची मोसंबीची बाग असली, आणि पदवीधर पुतण्यानें तेथें दिवसभर झाडावर चढून फळें उतरविलीं, तर आळींत कुजबुज होते कीं पोराला नोकरी लागेना वाटतें. तोच पुतण्या मिल्ड्युराच्या बागेंत टोपी घालून संत्रीं तोडूं लागला कीं त्याचें छायाचित्र नातेवाइकांत कौतुकानें फिरतें. फळ तेंच, श्रम तेच, पाठ तितकीच दुखते. श्रमाची लाज देशाच्या वेशीपाशीं कशी गळून पडते, हें एक नवलच म्हणावें लागेल. तथापि दोन्हींतील भेद केवळ दिखाऊपणाचा आहे असें मात्र नाहीं. ऑस्ट्रेलियांत १ जुलै २०२५ पासून किमान वेतन ताशीं २४.९५ डॉलर आहे, आणि तें परक्यासही तेवढेंच लागू आहे. ऊसतोड्याची मजुरी टनावर ठरते, आणि हिशेबाची वही मुकादमाच्या हातीं असते.

परंतु मळ्यांवरील ह्या वेतनाची गोष्टही पूर्वी इतकी सरळ नव्हती. फळांच्या मळ्यांत उक्त्यावर, म्हणजे भरलेल्या पेटीमागें, पैसे देण्याची चाल होती. हात न बसलेल्या नवख्यास दिवसभर राबून जेवणखाणापुरतेंही हातीं पडत नसे; त्यांतून राहण्याचें भाडें आणि मळ्यापर्यंतच्या गाडीचें भाडें कापून घेणारे ठेकेदारही असत. पुढील वर्षाच्या परवान्यासाठीं कामाचा दाखला हवा, आणि दाखला मालकाच्या हातीं, म्हणून तरुण गप्प बसत. तेथील श्रमविषयक सरकारी कचेरीनें २०१६ च्या आपल्या चौकशींत ह्या प्रकारांवर बोट ठेवलें. शेवटीं २८ एप्रिल २०२२ पासून उक्त्यावरील मजुरासही ताशीं किमान वेतनाची हमी देण्यांत आली. मराठवाड्याच्या फडांत उचल, आणि क्वीन्सलंडच्या मळ्यांत दाखला: माणसास जागच्या जागीं बांधून ठेवण्यास दोरखंडच लागतो असें नाहीं.

आतां वाळूजच्या एखाद्या कारखान्यांत चार वर्षें नोकरी केलेल्या अठ्ठावीस वर्षांच्या इंजिनिअराचा विचार करावा. त्यास वाटतें कीं तेथें जाऊन आपल्या विद्येचें काम मिळेल. नियम असा आहे कीं परवानाधारकानें एका मालकाकडे साधारणतः सहा महिन्यांहून अधिक काळ काम करूं नये. सहा महिन्यांत जाणाऱ्या माणसास कामाची घडी शिकविण्याचा खर्च कोणता कारखानदार करील? त्यामुळें पदवी ट्रंकेंतच राहते, आणि पदवीधर स्वयंपाकघरांत, गोदामांत अथवा मळ्यांत दिसतो. अभ्यासासही चार महिन्यांचीच मुभा आहे. पगारांतून पहिल्या ४५,००० डॉलरपर्यंत शेंकडा १५ कर कापला जातो. मालक पगारावर शेंकडा १२ निवृत्तिनिधि भरतो तो देश सोडल्यावर परत मागतां येतो, परंतु त्यांतून शेंकडा ६५ कर वजा होऊन. हे आंकडे जाण्यापूर्वीं घरीं बसून वहींत मांडावे. तेथें गेल्यावर कळले म्हणजे फार कडू लागतात.

पैशाची बाजू येथूनच सुरू होते. स्वतःच्या निर्वाहासाठीं सुमारे पांच हजार डॉलर, म्हणजे तीन लाख रुपयांच्या आसपासची रक्कम, आणि शिवाय परतीच्या तिकिटाची ऐपत दाखवावी लागते. परवान्याची फी सुमारे साडेसहाशे डॉलर वेगळी. मुलानें चार वर्षांत एवढें शिल्लक टाकलें असेल तर प्रश्नच नाहीं. परंतु वडिलांची मुदत ठेव मोडून किंवा पाहुण्याकडून महिनाभरासाठीं रक्कम आणून ती खात्यांत दाखविण्याचा मोह होतो. अशी दाखवावयाची रक्कम आणि खर्चावयाची रक्कम एक नसली, कीं पहिल्याच आठवड्यांत सिडनीसारख्या शहरीं खोलीचें आगाऊ भाडें भरतांना मुलगा उघडा पडतो, आणि मग समोर येईल तें काम, सांगतील त्या दरानें, पत्करतो. परदेशांतील पिळवणुकीचें बीज पुष्कळदां असें घरच्याच अंगणांत रुजलेलें असतें.

दुसरें बीज मध्यस्थांचें. सोडतींत नांवें यंत्र काढतें. त्यांत कोणाचीही ओळख चालत नाहीं. "आमच्याकडून नोंदणी करा, नांव नक्की निघेल," असें जो म्हणतो तो निघालेल्या एका नांवाचें श्रेय घेतो आणि न निघालेल्या एकोणचाळिसांची फी ठेवून घेतो. नांव निघालें म्हणजे परवाना मिळाला असेंही नव्हे. त्यानंतर अवघ्या अठ्ठावीस दिवसांत सर्व कागदपत्रांसह अर्ज करावयाचा असतो. आणि नोकरी लावून देण्याचें वचन ह्या परवान्यांत मुळींच बसत नाहीं. हा परवाना नोकरी हातीं नसलेल्या माणसासाठींच आहे.

हें सर्व वाचून बाबा म्हणतील, मग जाऊंच नये. तसें नाहीं. वर्ध्याचे पांडुरंग सदाशिव खानखोजे गेल्या शतकाच्या पहिल्या दशकांत जपानमार्गें अमेरिकेस पोहोंचले, तेव्हां त्यांच्या खिशांत पांच हजार डॉलर नव्हते. पडेल तें मजुरीचें काम करीत त्यांनीं तेथें शेतकीचें शिक्षण घेतलें. देशाच्या स्वातंत्र्यासाठीं गदर चळवळींत उडी घेतली. आणि पुढें मेक्सिकोंत चापिंगो येथील शेतकी विद्यालयांत मका व गहू ह्यांच्या वाणांवर संशोधन केलें. दिएगो रिव्हेरा ह्या थोर चित्रकारानें आपल्या भित्तिचित्रांत त्यांस स्थान दिलें. मजुरीनें त्यांची विद्या बाटली नाहीं. १९१३ सालीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठांत गेले ते परत येऊन दहा वर्षें बडोद्याची नोकरी करण्याच्या करारानें. त्या विद्येचें फळ कोणत्या रीतीनें देशास मिळालें हें सांगणें नको. ह्या शहरापुरतें बोलावयाचें तर १९५० सालीं येथें उघडलेलें त्यांचें महाविद्यालय, पुढें मिलिंद ह्या नांवानें ओळखलें गेलेलें, अजून उभें आहे. औरंगाबाद १९४८ पर्यंत ज्या हैदराबाद संस्थानांत होतें, त्या संस्थानच्या निजामाच्या शिष्यवृत्तीवर सरोजिनी नायडू १८९५ सालीं विलायतेस गेल्या होत्या. ह्या सर्वांस पाठविणारा कोणी तरी होता, किंवा निदान मनांत धरलेला कांहीं हेतु तरी होता. सुटीच्या परवान्यावर जाणाऱ्यास कोणीही पाठवीत नाहीं आणि परत आल्यावर कोणीही हिशेब मागत नाहीं. ह्यांतच त्याचें सुख आहे आणि धोकाही ह्यांतच आहे.

मुलगी जावयाची म्हटली कीं घरांतील प्रश्नांचा सूर निराळा होतो. मुलाच्या बाबतींत नोकरी सुटण्याची भीति, मुलीच्या बाबतींत लग्न लांबण्याची. "सव्विसावें चालू आहे, वर्षभर हिंडून आल्यावर स्थळांना काय सांगावयाचें?" हा आईचा प्रश्न. आनंदीबाई जोशी १८८३ च्या एप्रिलांत कलकत्त्याहून अमेरिकेस निघाल्या तेव्हां त्यांचें वय अठरा होतें आणि पति सोबत नव्हता. ह्या गोष्टीस सव्वाशेंहून अधिक वर्षें लोटलीं, त्यांचें चरित्र घरोघर वाचलें गेलें, तरी सोबतीचा प्रश्न अजून उंबरठ्यावरच बसलेला आहे. तो अगदींच निराधार आहे असें म्हणणेंही बरोबर होणार नाहीं. एकाकी मळ्यावरील वस्ती, जवळचें गांव पन्नास मैलांवर, राहण्याची खोली मालकाची, अशा स्थितींत आपल्या नांवावरील परतीचे पैसे स्वतःपाशीं वेगळे असणें हें सोबतीहूनही अधिक उपयोगाचें ठरतें. आणि तें मुलासही तितकेंच लागू आहे.

ब्रिटनचाही असा एक मार्ग आहे. ४ मे २०२१ च्या करारान्वयें निघालेल्या त्या योजनेंत २०२३ पासून भारतीय पदवीधरांस दोन वर्षांचे परवाने सोडतीनें मिळूं लागले. वय तेंच, १८ ते ३०. पहिल्या वर्षीं तीन हजार जागा होत्या. सोडतीस फी नाहीं, परंतु २,५३० पौंड शिल्लक दाखवावी लागते आणि वैद्यकीय सेवेचा अधिभार आगाऊ भरावा लागतो. तेथें मळ्यावर राबण्याची अट नाहीं. एकाच मालकाकडे दोन्ही वर्षें काम करतां येतें. ज्यास आपल्या धंद्यांतील अनुभव हवा आहे, हिंडणें नको आहे, त्यानें हा मार्ग आधीं पाहावा हें उघड आहे. ऑस्ट्रेलियाचा परवाना ज्यास खरोखरीच हिंडावयाचें आहे त्याचा. हें दोहोंतील अंतर नीट न ओळखल्यानें पुष्कळांचें वर्ष फुकट जातें.

वाळूजच्या त्या इंजिनिअराच्या घरीं अखेर काय ठरावें, हें त्या घरांतील माणसांनींच पाहावयाचें. परंतु बोलणें सुरू होतांना एक गोष्ट टेबलावर असावी. बारा महिन्यांनंतर तो परत येणार आहे असें धरून चालावें. तेथें कायम राहण्याची वाट ह्या परवान्यांतून आपोआप निघत नाहीं. परत आल्यावर नोकरी पुन्हां पहिल्या पायरीवर मिळाली तरी चालेल काय, असें त्यास विचारावें. चालेल म्हणाला, तर तो खरोखर सुटीवर निघाला आहे. तो अडखळला, तर त्याच्या मनांत सुटी नसून स्थलांतर आहे, आणि त्यासाठीं निराळे कागद, निराळी तयारी आणि बहुधा निराळी रक्कम लागते.

आणि सोडतींत नांव निघालें नाहीं तर? चाळिसांतील एकोणचाळीस घरांत हेंच घडतें. सोमवारीं सकाळीं कारखान्याची बस नेहमींप्रमाणें चौकांत येते, तो डबा घेऊन तींत चढतो. पुढच्या नोंदणीस पुन्हां पंचवीस डॉलर भरावयाचे. वयाला एकतीस पूर्ण होण्यास किती महिने उरले आहेत, तेवढें मोजून ठेवलेलें असतें.